आधी मडकं वाजवून घ्या: शिडाच्या जुन्या बोटीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की एकट्याने समुद्रात फिरायला नवी कोरी बोटच लागते असं काही नाही, जुनी घेऊन दुरुस्त केली तरी चालतं. त्यानंतर जी पत्रं आलीत ती बघून बायको म्हणाली आता भोगा. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, जी पत्रं एकमेकांसारखी होती त्यातलं एकेक घेतलंय. मी काही बोट बांधणारा नाही, एक २६ फुटी म्हातारी बोट ९ वर्षं वापरतोय आणि त्यातली पहिली २ वर्षं नुसती घासण्यात गेली, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

प्रश्न: एक २७ फुटी फायबरग्लासची बोट बघितलीये, १९७४ ची. मालकांचं वय झालंय, जवळजवळ फुकटच देतायत. ६ वर्षं जमिनीवर ताडपत्रीखाली उभी आहे. फोटोत एकदम मस्त दिसते. बजेट बेताचंच आहे आणि एकट्यानेच फिरायचंय. घेऊन टाकू का? – घाईत असलेला

थांब रे बाबा जरा. फुकटच्या बोटीला आपल्याकडे फार चांगली म्हण आहे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बोट फुकट मिळेल पण ती जिथे उभी आहे त्या जागेचं भाडं पहिल्या दिवसापासून तुझ्या नावावर, आणि ते दर महिन्याला येणार, तू काम कर नाहीतर करू नको.

आता बघायचं काय. गंमत अशी की लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते बोटीच्या खालच्या अंगाला, त्याला हल म्हणतात, आणि त्या काळातल्या बोटीत बहुतेक वेळा तोच भाग सगळ्यात धडधाकट असतो. त्या काळात बऱ्याच बांधणाऱ्यांनी फायबरग्लासचे थर सढळ हाताने चढवले. खालच्या बाजूला फोड आलेले दिसले आणि एखादा फोडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर त्याला ऑस्मोसिस म्हणतात. दिसायला भयंकर, पण चार-दोन फोडांनी बोट बुडत नाही, मालकाला भाव पाडून मागायला मात्र उपयोगी पडतात.

खरं दुखणं असतं डेकमध्ये. डेक सँडविचसारखा असतो, वर खाली फायबरग्लासचे पापुद्रे आणि मध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड. डेकवर जे जे काही स्क्रूने बसवलंय त्या प्रत्येक भोकातून ४०-५० वर्षं थेंब थेंब पाणी आत गेलंय आणि मधलं लाकूड कुजून चिखल झालाय, वरून मात्र रंग चकाचक. आपण मडकं घेताना सुद्धा वाजवून घेतो ना, तसंच इथे. स्क्रूड्रायव्हरची मूठ घे आणि सगळा डेक इंच इंच ठोकत जा. टणटण आवाज आला तर चांगलं, भद्द आवाज आला तर आत ओलं. मास्टच्या, म्हणजे शिडाच्या उभ्या खांबाच्या पायथ्याशी, कठड्याच्या खांबांपाशी आणि खिडक्यांच्या कडेला जास्त वेळ घालव. मग अनवाणी चाल, पायाला दबल्यासारखं लागलं तर तिथे खूण कर. ताटाएवढे दोन-तीन डाग निघाले तर तुझ्या हातचं काम आहे, अर्धा डेक भद्द वाजला तर नमस्कार करून निघून ये.

दुसरी गोष्ट चेनप्लेट. मास्टला धरून ठेवणाऱ्या तारा खाली ज्या स्टीलच्या पट्ट्यांना अडकवलेल्या असतात त्या. स्टेनलेस स्टीलला हवा लागत राहिली तर ते टिकतं, पण पट्टी जिथे डेकमधून आत जाते तिथे पाणी साठून राहतं, ऑक्सिजन नाही, आणि तिथे ते आतल्या आत खड्डे पडून खाल्लं जातं. वरचा भाग चमकतोय आणि खालचा भागही चमकतोय, आणि मधला बोटभर भाग जो दिसतच नाही तो अर्धा उरलाय. म्हणून मालकाला विचारून एक तरी पट्टी उपसून बघायचीच. तारांवरून कापडाचा बोळा फिरव, हात फिरवू नकोस, तुटलेला एक जरी तंतू असेल तर कापड अडकेल, हात फिरवलास तर हात अडकेल. तारा कधी बदलल्या ते विचार, १०-१५ वर्षांच्या वर गेल्या असतील किंवा कोणालाच आठवत नसेल तर नव्या घ्यायच्या हे धरूनच चाल, आणि हा खर्च फुकटच्या बोटीच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त होतो हेही आत्ताच लिहून ठेव.

कील, म्हणजे बोटीच्या तळाला खाली असलेला वजनदार पंख, बोल्टने लावलेली असेल तर ती जिथे हलला भेटते त्या रेषेच्या पुढच्या टोकाला बघ, तिथे हसल्यासारखी फट दिसली आणि गंजाचे ओघळ असतील तर ते हसू तुला महागात पडणार. सुकाणू दोन्ही हातांनी धरून हलव, खटखट वाजलं तर बेअरिंग झिजलेत. ६ वर्षं जमिनीवर असून सुकाण्याच्या खालून अजून पाणी पाझरत असेल तर आतला स्टीलचा सांगाडा ओल्यात बसलाय, तो किती उरलाय ते उघडल्याशिवाय कळणार नाही.

पैशाचं माझं गणित सोपं आहे. जेवढे आहेत त्याचा एक तृतीयांश बोट घेण्यात, एक तृतीयांश दुरुस्तीत, आणि उरलेल्या एक तृतीयांशाला हात लावायचा नाही, कारण तोही दुरुस्तीतच जाणार आहे. हे सगळं करून मन घेतंय असं वाटलं तर मग सर्व्हेअरला, म्हणजे बोटी तपासणाऱ्या जाणकाराला, पैसे देऊन दाखव, त्याच्या आधी नको. आणि कागद बघ. बोटीवर कर्ज आहे का, जागेचं भाडं थकलंय का, म्हातारे मालक कितीही गोड असले तरी हे विचारायला लाजायचं नाही.

प्रश्न: विकणारा म्हणतो इंजिन चालू आहे, फक्त बॅटरी उतरलीये. विश्वास ठेवावा का?

नाही.

बरं, थोडं सविस्तर. बॅटरी उतरली असेल तर तू तुझी घेऊन जा. पोचल्या पोचल्या पहिलं काम, इंजिनच्या ब्लॉकला हात लावून बघायचा, कोमट लागला तर तू यायच्या आधी कोणीतरी गरम करून ठेवलंय, म्हणजे थंडीत उठायला ते कुरकुरतं. डिझेल इंजिन थंड असताना सुरू झालं पाहिजे. धूर बघ: निळा असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर हवा कमी पडतेय किंवा लोड जास्त, पांढरा असेल तर डिझेल नीट जळत नाहीये नाहीतर पाणी वाफ होऊन येतंय. ऑइलची कांडी काढून बघ, दुधाळ दिसलं तर ऑइलमध्ये पाणी शिरलंय.

आता एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती आणि मी माझं इंजिन त्यामुळे जवळजवळ घालवलं. सुरू न होणारं इंजिन खूप वेळ स्टार्टर मारत बसायचं असेल तर समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह आधी बंद करा. इंजिन फिरतंय म्हणून पंप पाणी ओढत राहतो, पण ते सुरू नसल्यामुळे पाणी बाहेर ढकलायला एक्झॉस्टचा जोर नाही, मग ते पाणी मागे भरत भरत सिलिंडरमध्ये जातं. माझं गेलं. लगेच काढलं, ऑइल तीनदा बदललं, म्हणून वाचलं. सुरू झालं की मात्र व्हॉल्व्ह ताबडतोब उघडायचा, नाहीतर पंपातला रबरी पंखा, इंपेलर, कोरडा फिरून मिनिटभरात जळतो.

इंजिन मेलेलंच असेल तर लहान बोटीला मागे आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून लावायचं सुटं इंजिन, टांगून सुद्धा काम भागतं. फक्त मोठ्या लाटेत बोट पुढे वाकली की प्रोपेलर हवेत येऊन किंचाळतो, त्याची सवय करावी लागते.

प्रश्न: मी ३८ फुटी बघतोय. एकदाच घ्यायची तर मोठीच का घेऊ नये? जुनी आहे म्हणून किंमत २८ फुटीएवढीच पडतेय.

किंमत तेवढीच पडतेय कारण ती पोसणं कोणाला परवडत नाहीये! लांबी दीडपट झाली की खर्च दीडपट होत नाही, बोट लांबीला वाढते तशी रुंदीला आणि उंचीलाही वाढते, त्यामुळे वजन अडीच-तीनपट जातं आणि त्याबरोबर नांगर, साखळी, दोर, शिडं, विंच, तारा, खालचा रंग सगळंच जाड आणि महाग होत जातं. आणि तुम्ही एकटे आहात हे विसरताय. वारा वाढल्यावर ते भलंमोठं शीड खाली ओढायला दोनच हात आहेत, धक्क्याला लागताना वाऱ्याने बोट सरकायला लागली तर २६ फुटीला पाय लावून थोपवता येतं (लावू नये, पण लावतात सगळे), ३८ फुटीला पाय लावलात तर पाय जाईल.

वेगाचं म्हणाल तर पाण्याखालची लांबी २२ फूट असेल तर बोटीचा वेग साधारण सव्वासहा नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल, साधारण १.८५ किलोमीटर) अडतो, ३० फूट असेल तर सव्वासातच्या आसपास. एवढ्या एका नॉटसाठी तिप्पट बोट ओढायची? एकट्या माणसाला आणि रिकाम्या खिशाला २४ ते ३० फूट पुष्कळ झाली. दिवसाला १०० नॉटिकल मैल पडले की आपण खूश.

तरी लहान आणि जुनी म्हणजे कमी दर्जाची असं डोक्यातून काढून टाका. गोल्डन ग्लोब शर्यत आहे ना, एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा, तिचा नियमच असा की बोट ३२ ते ३६ फुटी हवी आणि तिचं डिझाइन १९८८ च्या आधीचं हवं. आपला अभिलाष टॉमी २०२२-२३ च्या शर्यतीत दुसरा आला तो असल्याच जुन्या वळणाच्या ३६ फुटी बोटीतून. तुम्हाला तर पृथ्वीला फेरी पण मारायची नाहीये.

प्रश्न: दोन वर्षं झाली बोट घेऊन. आतलं सगळं लाकूडकाम काढून टाकलं, वायरिंग काढलं, डेकवरचं सामान काढलं, आता नुसता सांगाडा उरलाय आणि माझ्यात जीव उरला नाही. दर रविवारी जातो, बघतो, घरी येतो. विकायची म्हटलं तर या अवस्थेत कोण घेणार? – थकलेला

तुझ्या पत्राने वाईट वाटलं कारण हे असंच होतं, जुन्या बोटी पाण्यात कमी आणि मालकाच्या उत्साहात जास्त मरतात. तू चुकलास ते आळसाने नाही, उलट जास्त मनापासून केलंस म्हणून. सगळं एकदम उघडलंस. आता ते मिटवायचं कसं ते बोलू.

वहीचं एक पान घे आणि चारच गोष्टी लिही. पाणी बाहेर राहिलं पाहिजे. मास्ट वर राहिला पाहिजे. सुकाणू चाललं पाहिजे. आणि नांगर धरला पाहिजे. या चारात जे बसत नाही ते सगळं काम, मग ते सागवानी टेबल असो का गादीचं कापड असो का तो सुंदर दिवा असो जो तू आधीच विकत घेऊन ठेवलायस हे मला माहितीये, ते सगळं "नंतर" मध्ये टाक. नंतर म्हणजे बोट पाण्यात गेल्यावर. फळीवर झोपून आणि बादलीत भांडी घासून लोकांनी समुद्र ओलांडलेत.

पाण्याचं बघताना सगळ्यात आधी हलमध्ये जी भोकं आहेत त्यांचे व्हॉल्व्ह, सीकॉक. साध्या पितळेचे असतील आणि खरवडल्यावर आतून गुलाबी रंग दिसला तर त्यातलं जस्त पाण्याने खाऊन टाकलंय आणि उरलाय तो ठिसूळ तांब्याचा स्पंज, एक दिवस हँडल फिरवताना अख्खा व्हॉल्व्ह हातात येईल. ब्राँझचे घाल किंवा जे भोक नकोच आहे ते कायमचं बुजवून टाक, माझ्या बोटीला ७ भोकं होती, आता ३ आहेत आणि मला शांत झोप लागते. पाण्याखाली हातभर खोल असलेलं दीड इंचाचं भोक मिनिटाला १०० लिटर तरी पाणी आत घेतं, हातपंपाने तू ते कितीसं उपसणार. प्रत्येक सीकॉकला मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेव, तिथल्या तिथे, कपाटात नाही.

डेकचं कुजलेलं काढलंच आहेस तर भरताना इपॉक्सी वापर, दोन भाग मिसळले की कडक होणारा तो चिकट रस. जुन्या पॉलिस्टरवर (बोट ज्या रेझिनने बांधलीये ते, कापड नव्हे) इपॉक्सी घट्ट बसतं पण इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट धरत नाही, म्हणून एकदा इपॉक्सीच्या रस्त्याला लागलास की त्याच रस्त्याने जायचं. कापड विणलेलं घे, सुट्या धाग्यांची जी मॅट मिळते ती ज्या पावडरने चिकटवलेली असते ती पावडर पॉलिस्टरमध्ये विरघळते, इपॉक्सीत विरघळत नाही आणि मॅट कडकच्या कडक राहते. जोडाला उतार लांब दे, जाडीच्या बारापट. थर सुकल्यावर वर मेणचट चिकटा येतो तो आधी पाण्याने धुवायचा आणि मग घासायचं, उलटं केलंस तर तो चिकटा घासून आत बसवशील आणि पुढचा थर सुटेल. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, वरून रंग हवाच.

सामान परत बसवताना प्रत्येक स्क्रूचं भोक आधी मोठं पाडायचं, ते घट्ट इपॉक्सीने भरायचं, सुकलं की त्यातच योग्य मापाचं भोक पाडायचं. मग पाणी गळलं तरी आतल्या लाकडाला लागत नाही. आणि कृपा करून सिलिकॉन फासू नकोस रे, ते सुटतं तर सुटतंच पण त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि तिथे परत कशालाही धरू देत नाही. ब्युटाइल टेप घे, मऊ चिकट रबरी पट्टी असते ती, स्वस्त आहे, कधीही उघडता येते.

घासताना चांगला मास्क. खालचा जुना रंग सुका घासायचाच नाही, तांब्याचं विष असतं त्यात, ओलं करून घास.

एक जुनी गोष्ट सांगतो मग हे संपवतो. जोशुआ स्लोकमला १८९२ मध्ये एका ओळखीच्या कप्तानाने बोट देऊ केली, जाऊन बघतो तर शेतात वर्षानुवर्षं टेकू लावून ठेवलेलं एक सडकं गलबत. त्याने एकेक फळी बदलत ते नव्याने बांधलं, १३ महिने लागले, सामानाला ५५३ डॉलर ६२ सेंट लागले असा त्याचा हिशोब आहे, सेंटसकट लिहून ठेवलाय बघ. तीच स्प्रे घेऊन तो १८९५ ला निघाला आणि १८९८ ला एकट्याने जगाची फेरी पूर्ण करणारा पहिला माणूस होऊन परत आला. त्याच्याकडे इंजिन नव्हतं, फ्रिज नव्हता, खिशातही फार काही नव्हतं. पण त्याने एक गोष्ट केली जी तू केली नाहीस, एक फळी काढली की तिथे दुसरी बसवली आणि मगच पुढची काढली.

येत्या रविवारी जाऊन फक्त एक सीकॉक बसव. एकच. बसवून झाला की घरी ये.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ जुन्या बोटीतून एकटाच लांब जायचं म्हणतोय. ऐकत नाही. मला एवढंच सांगा, तो झोपणार कधी आणि तो झोपल्यावर बोट कोण चालवणार? – काळजीत असलेली ताई

ताई, तुमचा प्रश्न सगळ्यात योग्य आहे, आणि तुमच्या भावाने तो तुमच्या आधी विचारलेला नसेल तर त्याचे कान धरा.

बोट चालवण्याचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. विंडव्हेन म्हणून एक यंत्र बोटीच्या मागे लावतात, त्यात हवेत एक पातं आणि पाण्यात एक वल्ह्यासारखी फळी असते, वाऱ्याच्या हिशोबाने बोट वळली की पातं कलतं, फळी फिरते आणि पाण्याचाच जोर सुकाणूला ओढून बोट परत रस्त्यावर आणतो. वीज शून्य लागते. जुनं सेकंडहँड मिळतं. दुसरा प्रकार म्हणजे विजेवरचा टिलर पायलट, तो सुकाणूचा दांडा आपोआप ढकलतो, स्वस्त असतो पण बॅटरी खातो आणि पावसात रुसतो, वारा वाढला की हात वर करतो. तिसरा प्रकार जवळजवळ फुकट: शिडाचा दोर पुलीतून फिरवून सुकाणूच्या दांड्याला बांधायचा आणि दुसऱ्या बाजूने रबरी नळीचा ताण द्यायचा, वाऱ्याचा जोर वाढला की दोर ओढतो, कमी झाला की रबर ओढतं. जमवायला आठ-दहा दिवस शिव्या घालाव्या लागतात पण जमतं. एकट्याने न थांबता जगाची फेरी मारणारा पहिला माणूस, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, त्याचं सेल्फ स्टिअरिंग ऑस्ट्रेलियाजवळ कायमचं तुटलं होतं, तो पुढे अर्ध्या जगाएवढं अंतर नुसता शिडांचा तोल साधत आला आणि १९६९ मध्ये ३१२ दिवसांनी घरी पोचला.

आता झोप. खरं सांगायचं तर समुद्राच्या नियमांत प्रत्येक बोटीवर कायम कोणीतरी नजर ठेवलीच पाहिजे असं आहे, त्यामुळे एकटा माणूस झोपला की तो नियम मोडतोच, हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. लोक काय करतात, २० मिनिटांचा गजर लावून डुलक्या घेतात. २० मिनिटंच का, तर छोट्या बोटीवरून क्षितिज तीनेक मैलांवर असतं, उंच जहाजं त्याच्या पलीकडची सुद्धा दिसतात, आणि २० नॉटने येणारं जहाज २० मिनिटांत सहा-सात मैल येतं. म्हणजे गजर झाला, उठला, चारी बाजूला नीट बघितलं, काही नाही, परत आडवा. किनाऱ्याजवळ आणि मच्छीमार बोटींच्या गर्दीत तेवढंही नाही, तिथे जागंच राहायचं किंवा नांगर टाकायचा. एआयएस ट्रान्सपाँडर बसवला तर मोठ्या जहाजांना त्याची बोट स्क्रीनवर दिसते आणि जहाज जवळ आलं की गजर वाजतो, दुसरं काही घेऊ नको पण हे घे म्हणावं. छोट्या मच्छीमार होड्यांवर ते बहुतेक वेळा नसतं, म्हणून डोळ्याला पर्याय नाही.

पण ताई, माझी भीती जहाजांची नाही. माझी भीती तो पडण्याची. बोट ५ नॉटने चाललीये, म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. मागे विंडव्हेन इमानदारीत सुकाणू सांभाळतंय. तो घसरून पाण्यात पडला तर मिनिटभरात बोट १५० मीटर पुढे गेलेली असेल आणि ती थांबणार नाही, तिला माहितीच नाही. त्यामुळे लाइफ जॅकेटपेक्षा त्याच्या अंगावर पट्टा हवा आणि तो पट्टा बोटीला अडकवलेला हवा, केबिनमधून बाहेर पाय टाकायच्या आधी. डेकवर पुढून मागपर्यंत मजबूत पट्टी ताणतात तिला जॅकलाइन म्हणतात, ती कडेने न घेता शक्य तेवढी मधून घ्यायला सांगा आणि पट्टा आखूड ठेवायला सांगा, म्हणजे तो पडला तर डेकवरच पडेल. कडेवरून लोंबकळत पाण्यात ओढला गेला तर चालत्या बोटीत स्वतःला वर घेणं धट्ट्याकट्ट्यालाही जमत नाही. मला विचाराल तर त्याला हेही सांगा की उभं राहून बोटीच्या कडेवरून लघवी करायची नाही. हसू नका, बादली वापरायला सांगा.

भाऊ जाणार आहेच. त्याला आधी आठवडाभर किनाऱ्याकिनाऱ्याने, मग दोन रात्री बाहेर, असं जाऊ द्या. आणि तो निघताना कुठून कुठे, किती दिवस, आणि कधीपर्यंत निरोप आला नाही तर तुम्ही कोणाला फोन करायचा हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या.

प्रश्न: टॉयलेट कुठलं बसवू?

बादली. झाकणवाली, मजबूत कडीची. दोन भोकं, दोन सीकॉक आणि एक बिघडणारा पंप वाचतो. किनाऱ्याजवळ आणि बंदरात ती पाण्यात रिकामी करायची नाही, तिथे जमिनीवर जायचं.

प्रश्न: विजेचं काय काय लागेल? सोलर किती? आणि चुलीसाठी गॅस घ्यावा की आणखी काही?

जेवढं कमी तेवढं बरं. फ्रिज नको म्हटलात की अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. दिवे एलईडी, जवळच्या जहाजांशी आणि बंदराशी बोलायला एक व्हीएचएफ रेडिओ, एआयएस, जीपीएस, फोन चार्जिंग, एवढ्याला एक १०० वॉटचं पॅनल आणि एक चांगली बॅटरी चालते. साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवत राहिलात तर लवकर मरते, म्हणून तिच्यावर लिहिलेली क्षमता निम्मीच धरा. बॅटरीच्या अगदी जवळ मोठा फ्यूज, आणि वायर कल्हई केलेल्या तांब्याची, घरची वायर खाऱ्या हवेत आतून काळी पडत जाते आणि एक दिवस मध्यरात्री दिवे जातात. दिव्यांवरून आठवलं, मास्टच्या टोकाचा तिरंगी (लाल, हिरवा, पांढरा) दिवा फक्त शिडावर चालताना लावायचा, इंजिन सुरू केलं की तो बंद आणि खालचे लावायचे, हे जुने जाणते सुद्धा चुकतात.

गॅस हवेपेक्षा जड असतो, घरात गळला तर दाराखालून जाईल पण बोटीला दार खाली नसतं, तो तळाशी साठतो आणि ठिणगीची वाट बघतो. सिलिंडर बाहेर, ज्याचं भोक थेट समुद्रात उघडतं अशा खणात ठेवायची सोय असेल तरच घ्या, नाहीतर स्पिरिटचा स्टोव्ह बरा, हळू शिजतं पण आपल्याला कुठे जायचंय.

प्रश्न: बोट घेतली एकदाची! नाव मात्र अगदीच विचित्र आहे. बदललं तर अपशकुन होतो म्हणतात, खरं का?

अभिनंदन! अपशकुनाचं म्हणाल तर समुद्रावरची माणसं याबाबतीत फार हळवी असतात, काहीजण जुनं नाव खरवडून त्याचा शेवटचा कण गेल्याशिवाय नवं उच्चारत पण नाहीत, तुमच्या मनाला बरं वाटत असेल तर तुम्हीही करा, एक नारळ फोडा आणि मोकळे व्हा.

पण नाव बदलताना कागद बदला हो. बोटीची नोंदणी, रेडिओचा नंबर, आणि मुख्य म्हणजे बोटीबरोबर जुना ईपर्ब आला असेल तर तो. ईपर्ब म्हणजे ते संकटात सुरू करायचं यंत्र, ते ४०६ मेगाहर्ट्झवर सॅटेलाइटला हाक मारतं आणि ती हाक कोणाची आहे हे नोंदणीवरून कळतं. त्याची बॅटरीची तारीख बघा आणि नोंदणी तुमच्या नावावर, घरच्या फोन नंबरासकट करून घ्या. नाहीतर तुम्ही अर्धे पाण्यात असताना बचाववाले रात्री तीनला जुन्या मालकाला फोन लावणार आणि तो डोळे चोळत म्हणणार, अहो मी तर घरी आहे, बोट केव्हाच विकली.